ससेक्सची जुनी पोस्टकार्डं: चित्राचं साल कसं ठरवायचं?

भिंगवाला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ससेक्स परगण्याची जुनी कार्डं आणि फोटो ऑनलाइन लिलावांत, गावांच्या इतिहास-गटांत आणि संग्रहांत ढिगाने दिसतात. चित्रं चांगली असतात, पण खाली लिहिलेलं साल फार वेळा चुकतं. टपालाच्या शिक्क्यावरचं साल वाचायचं आणि तेच चित्राला चिकटवायचं, इथेच गाडी घसरते. म्हणून एकच कार्ड समोर ठेवून सुरुवात करतो.

चित्र ब्रायटनच्या किनाऱ्याचं आहे. समुद्रात शिरलेला पिअर (फिरायला बांधलेला लांब धक्का) झुलत्या पुलासारखा आहे: ओळीने मनोरे आणि त्यांच्यावरून ओघळत गेलेल्या साखळ्या. हा चेन पिअर. त्याच्या पश्चिमेला पाण्यातून नुसते लोखंडी खांब वर आलेले दिसतात, त्यांच्यावर अजून काही नाही. मागची बाजू उभ्या रेघेने दुभागलेली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. तिकीट सातव्या एडवर्डचं, अर्ध्या पेनीचं, पोपटी हिरवं. शिक्का ऑगस्ट १९०६ चा.

लिलावात हे कार्ड 'ब्रायटन, १९०६' म्हणून येतं. आता हिशोब मांडू. चेन पिअर नोव्हेंबर १८२३ मध्ये खुला झाला आणि ४ डिसेंबर १८९६ च्या वादळात कोसळला, तेव्हा १९०६ मध्ये तो तिथे नव्हताच. शेजारचे खांब पॅलेस पिअरचे, त्यांचं काम १८९१ मध्ये सुरू झालं. म्हणजे फोटो १८९१ ते १८९६ मधला. दुभागलेली पाठ ब्रिटनमध्ये जानेवारी १९०२ पासून चालू झाली, म्हणजे कार्ड छापलं १९०२ नंतर. टपालात पडलं १९०६ मध्ये.

एका कार्डाला अशी तीन सालं असतात: फोटो काढल्याचं, छापल्याचं आणि टपालात टाकल्याचं. नोंद करताना तिन्ही वेगळी लिहा. शिक्का फक्त एवढंच सांगतो की फोटो त्याच्या नंतरचा नाही. किती आधीचा, ते चित्रालाच विचारावं लागतं.

प्रकाशकांकडे जुन्या काचांचा (काचेच्या निगेटिव्हचा) साठा असायचा आणि नवा फोटोग्राफर पाठवण्यापेक्षा जुनी काच पुन्हा छापणं स्वस्त पडायचं. चेन पिअरच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. तो गेल्यावर लोकांना त्याची आठवण हवी होती, म्हणून त्याची कार्डं तो पडल्यानंतरच जास्त खपली.

टपालाचं आणि वाहनांचं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी भर घालावी.

टपालहंशील

पाठ आणि तिकीट मी घेतो.

ब्रिटनच्या टपालखात्याने १ ऑक्टोबर १८७० ला स्वतःची कार्डं काढली. त्यांवर तिकीट छापलेलं असे, चित्र नसे. १ सप्टेंबर १८९४ पासून खाजगी छापलेल्या कार्डाला तिकीट लावून पाठवायची परवानगी मिळाली. ही सुरुवातीची कार्डं आखूड आणि चौकोनी वळणाची असतात, सुमारे साडेचार इंच बाय साडेतीन. ससेक्सचं असं कार्ड मिळालं तर जपून ठेवा, कारण हा आकार मोजून पाच वर्षं चालला. नोव्हेंबर १८९९ पासून साडेपाच बाय साडेतीन इंच हा पूर्ण आकार आला.

तेव्हा अख्खी मागची बाजू पत्त्यासाठी राखीव होती. म्हणून १९०२ पूर्वीच्या कार्डावर चित्र एका कोपऱ्यात असतं आणि उरलेल्या पांढऱ्या जागेत बारीक अक्षरात मजकूर कोंबलेला असतो. जानेवारी १९०२ मध्ये ब्रिटनने पाठ दुभागायची मुभा दिली आणि चित्राला सगळी बाजू मोकळी मिळाली. जर्मनीत ही मुभा १९०५ मध्ये आणि अमेरिकेत १९०७ मध्ये आली. बाहेरच्या टपालात डावीकडचा मजकूर अजून मान्य नव्हता, म्हणून त्या वर्षांतल्या ब्रिटिश कार्डांवर 'मजकूर फक्त देशांतर्गत टपालासाठी' अशा अर्थाची सूचना छापलेली दिसते.

एक सावधगिरी. दुभागलेली पाठ १९०२ च्या आधीची असू शकत नाही, हे पक्कं. पण अखंड पाठ दिसली म्हणजे कार्ड १९०२ पूर्वी टाकलं असं होत नाही. दुकानदार जुना साठा संपेपर्यंत विकत राहायचे.

तिकिटांचा क्रम अर्ध्या पेनीपुरता असा: व्हिक्टोरियाचं शेंदरी १८८७ पासून, तेच निळसर हिरवं १९०० पासून. एडवर्डचं निळसर हिरवं १ जानेवारी १९०२ ला, पोपटी हिरवं नोव्हेंबर १९०४ मध्ये. पाचव्या जॉर्जचं २२ जून १९११ पासून. शिक्क्यात सालाचा एखादा आकडा फिका असला की याचा उपयोग होतो. '०८' की '०६' असा घोळ तिकीट सोडवत नाही, पण '०१' की '११' हा लगेच सुटतो. उन्हात पडलेल्या तिकिटाच्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका, निळसर हिरवा उडून पिवळट दिसतो. कडेचा झाकलेला भाग पाहा.

टपालात न टाकलेल्या कार्डासाठी तिकीट लावायच्या जागेची छापील चौकट वाचा. 'अर्धा पेनी' छापलेलं असेल तर कार्ड ३ जून १९१८ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दर एक पेनी झाला. १३ जून १९२१ ला दीड पेनी झाला आणि २४ मे १९२२ ला परत एक पेनीवर आला. दीड पेनीचं तिकीट बरोबर दराने लावलेलं असेल तर कार्ड त्या साडेअकरा महिन्यांतलं. १ मे १९४० ला दर दोन पेनी झाला.

रूळमार्ग

चित्रातली चाकं पाहिलीत तर साल बरंच आवळता येतं. ससेक्सपुरतं सांगतो.

ब्रायटन नगरपालिकेच्या विजेच्या ट्राम २५ नोव्हेंबर १९०१ ला सुरू झाल्या आणि १९३९ च्या ऑगस्टअखेर बंद पडल्या. ब्रायटनच्या मध्यावरच्या ओल्ड स्टाइनच्या चित्रात डोक्यावर एक तार आणि रस्त्यात रूळ म्हणजे या ३८ वर्षांतलं. जोडतारा दिसल्या आणि वाहन रबरी टायरचं असलं तर ती ट्रॉलीबस, १९३९ ते १९६१.

शेजारच्या हॉव्ह गावाने या ट्राम आपल्या हद्दीत येऊ दिल्या नाहीत. तरी हॉव्हच्या पश्चिम टोकाला ट्राम दिसते आणि पुढे घोडा असतो. ती शोरहॅमकडे जाणारी वेगळी लाइन होती, १८८४ ते १९१३. तिला ब्रायटनची ट्राम म्हणू नका.

हेस्टिंग्जचं प्रकरण फार उपयोगी आहे. तिथल्या ट्राम १९०५ मध्ये आल्या, पण समुद्राकाठच्या रस्त्यावर डोक्यावर तारा नकोत असा आग्रह होता. म्हणून १९०७ पासून त्या भागात डोल्टर पद्धत वापरली. रुळांमध्ये लोखंडी खुंट्या बसवल्या होत्या आणि गाडी वरून जाताना तेवढ्याच खुंटीत वीज यायची. अडचण अशी की गाडी पुढे गेल्यावर कधी कधी खुंटी जिवंतच राहायची आणि घोड्याचा पाय पडला की त्याला झटका बसायचा. १९१४ मध्ये पद्धत काढून पेट्रोल-इलेक्ट्रिक गाड्या आणल्या आणि १९२१ मध्ये शेवटी तारा आल्याच. तेव्हा हेस्टिंग्जच्या समुद्ररस्त्यावर ट्राम आहे पण तार नाही, तर चित्र १९०७ ते १९२१ मधलं. तार आहे, तर १९२१ ते १९२९. एवढ्या एका तारेने कार्ड जागेवर बसतं.

ईस्टबोर्नमध्ये रस्त्यावरच्या ट्राम कधीच नव्हत्या. त्या गावाने १९०३ मध्ये थेट स्वतःच्या मोटारबस काढल्या. 'ईस्टबोर्न' लिहिलेल्या जुन्या कार्डावर हमरस्त्याने जाणारी ट्राम दिसली तर गाव चुकलं आहे.

मोटारींच्या पाट्या १ जानेवारी १९०४ पासून सक्तीच्या झाल्या. ब्रायटनचं अक्षर सीडी, पूर्व ससेक्सचं एपी, पश्चिम ससेक्सचं बीपी, हेस्टिंग्जचं डीवाय. ईस्टबोर्नला एचसी हे अक्षर १९११ मध्ये मिळालं, त्याआधी तिथल्या गाड्या एपीवर. ब्रायटनच्या गाडीवर यूएफ दिसलं तर १९२५ किंवा नंतरचं. पाटी वाचण्यासाठी स्कॅन मोठा हवा, साध्या मोबाइल-फोटोत ती पांढरी पट्टीच दिसते.

आणि स्टेशनं. वीज पुरवणारा तिसरा रूळ शोधा. ब्रायटनची मुख्य लाइन १ जानेवारी १९३३ ला पूर्ण विजेवर आली, ईस्टबोर्न आणि हेस्टिंग्ज १९३५ मध्ये, चिचेस्टर आणि बॉग्नोर १९३८ मध्ये. रुळांच्या बाहेर किंचित उंच तिसरी पट्टी नसेल तर चित्र त्या आधीचं.

निळीशाई

फार कामाची माहिती. एक शंका: रंगीत कार्डावरून ट्रामचा रंग किंवा दुकानाच्या छताचा रंग खरा मानायचा का?

भिंगवाला

नाही मानायचा. १९१४ पूर्वीची बरीचशी रंगीत कार्डं जर्मनीत छापून यायची, मागे 'सॅक्सनीत छापलेलं' किंवा 'बव्हेरियात छापलेलं' असं बारीक अक्षरात असतं. मूळ फोटो काळा-पांढरा. रंग भरणाऱ्याने ब्रायटन कधी पाहिलेलं नसे, त्याला मिळालेल्या सूचनेत जेवढं लिहिलं असेल तेवढंच. एकाच काचेची दोन कार्डं शेजारी ठेवलीत तर एकात ट्राम लाल आणि दुसऱ्यात हिरवी सापडते.

चांदण्या रात्रीची कार्डं तर दिवसाच्या फोटोची असतात. निळ्या शाईत गडद छापायचं, वर चंद्र आणि पाण्यावर पट्टा हाताने काढायचा, खिडक्यांना पिवळा ठिपका द्यायचा. सावल्यांची दिशा बघा. चंद्र समोर आणि माणसांच्या सावल्याही समोरच पडल्यात, म्हणजे उजेड मागून आलेल्या सूर्याचा.

छपाईचा प्रकार ओळखायला दहापट भिंग पुरेसं आहे. आकाश आणि चेहरे सोडून मधल्या करड्या भागावर भिंग धरा.

ओळीने बसलेले ठिपके दिसले तर हाफटोन. त्यात ठिपक्यापेक्षा बारीक तपशील नसतोच, कितीही मोठं करा, दुकानाची पाटी वाचता येणार नाही. ठिपके नाहीत पण चिखल वाळून तडकल्यासारखी वेडीवाकडी जाळी दिसली तर कोलोटाइप. ब्रायटनच्या मेझोटिंट कंपनीची कार्डं अशी मिळतात आणि त्यांत तपशील चांगला उतरतो. कोणताही दाणा न दिसता करडा रंग सलग विरघळत गेलेला असेल तर तो खरा ब्रोमाइड फोटो. स्थानिक इतिहासासाठी हाच सगळ्यात मोलाचा, पाट्या, पोस्टर, घड्याळातली वेळसुद्धा वाचता येते. ब्रोमाइडची आणखी एक खूण: कार्ड तिरपं धरलं की कडांच्या काळ्या भागावर आरशासारखी निळसर चमक येते. चांदी पृष्ठभागावर आल्याची ती खूण असते. पुसायला जाऊ नका, चित्रच निघेल.

दप्तरखाना

प्रकाशकांच्या क्रमांकांबद्दल लिहितो, कारण यावर लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात.

फ्रान्सिस फ्रिथची कंपनी सरे परगण्यातल्या रायगेटची, १९७१ पर्यंत चालली. त्यांचे आधीचे क्रमांक साधारण फोटो काढल्याच्या क्रमाने चढत जातात. नंतरच्या कार्डांवर गावाचं अक्षर आणि पुढे क्रमांक येतो, तिथे मोजणी प्रत्येक गावाची वेगळी. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या व्हॅलेंटाइन कंपनीची खूण जे. व्ही. अशी गोलात असते. त्यांच्या नोंदी सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडे आहेत, त्यामुळे क्रमांकावरून साल शोधण्यात ही कंपनी सगळ्यात सोयीची. रॅफेल टक यांची लंडनची कचेरी डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली आणि मूळ नोंदी गेल्या, म्हणून टकच्या बाबतीत कार्डावरच काम भागवावं लागतं.

ससेक्सचा घरचा मोठा प्रकाशक म्हणजे हेस्टिंग्जचे फ्रेड जज. १९०३ च्या सुमारास त्यांची कार्डं येऊ लागली: तपकिरी छटेचे ब्रोमाइड, खाली पांढऱ्या अक्षरात नाव आणि क्रमांक. क्रमांक लहान म्हणजे काच जुनी, एवढं धरायला हरकत नाही. पण कार्डही तेवढंच जुनं असं नाही. खपणारी काच वर्षानुवर्षं छापली जायची आणि मोटारी जुनाट दिसू लागल्या की खालची कड कापून चित्र वर सरकवायचे. एकाच क्रमांकाची दोन कार्डं ताडून बघा, रस्त्याचा खालचा भाग एकात कमी असेल तर तेच कारण.

कार्डं सोडून मूळ काचांचं म्हणाल तर लुइसचा रीव्ह्ज स्टुडिओ हा ठेवा आहे. १८५० च्या दशकापासून एकाच कुटुंबाकडे, त्याच हाय स्ट्रीटवर, काचा आणि त्यांच्या वह्या दोन्ही शाबूत. काच आणि वही एकत्र टिकली की चित्रातल्या माणसाचं नाव, तारीख, पैसे कोणी दिले, सगळं कळतं. पश्चिमेकडे पेटवर्थच्या जॉर्ज गार्लंड यांच्या सुमारे ७०,००० निगेटिव्ह चिचेस्टरच्या अभिलेखागारात आहेत: मेंढरं, कापणी, गावजत्रा, शाळा. ब्रायटन आणि हॉव्हसाठी जेम्स ग्रे यांनी जमवलेले सुमारे ७,५०० फोटो रीजन्सी सोसायटीने रस्त्यांप्रमाणे लावून ऑनलाइन ठेवले आहेत. कार्डावरची इमारत ओळखायची असेल तर आधी तिथे बघा.

गावाच्या नावावरूनही साल कळतं. 'बॉग्नोर' एवढंच असेल तर १९२९ पूर्वीचं असण्याचा संभव जास्त, त्या वर्षी 'रेजिस' जोडलं गेलं. पीसहेवन हे नाव १९१७ चं, त्याआधी वर्षभर ते 'न्यू अँझॅक-ऑन-सी' होतं.

हद्दीचा घोळही लक्षात ठेवा. ईस्ट ग्रिनस्टेड, हेवर्ड्स हीथ, बर्जेस हिल १९७४ पर्यंत पूर्व ससेक्समध्ये होती, मग पश्चिमेत गेली. जुनी कागदपत्रं एकीकडे आणि नवी दुसरीकडे सापडू शकतात. पूर्वेचं आणि ब्रायटनचं दप्तर फाल्मरजवळच्या 'द कीप'मध्ये, पश्चिमेचं चिचेस्टरला. दोन्हीकडे विचारा.

वाचनवेडी

पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियन या जुन्या राजमहालात हिंदी सैनिकांचं रुग्णालय होतं, त्याची कार्डं नेहमी दिसतात. त्यात मराठी सैनिक ओळखता येतात का? एका कार्डाखाली कुणीतरी 'मराठा पलटणीचे जखमी' असं लिहिलेलं आहे.

दप्तरखाना

त्या मथळ्याला दुसरा पुरावा मिळेपर्यंत बाजूला ठेवा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी ६ व्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या, फ्रान्समध्ये नाही. ब्रायटनला आलेले जखमी फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या आघाडीवरचे. मात्र आपला धागा तिथे आहे, आणि तो खडकीचा. खडकीच्या ३ ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या) २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनमध्ये होत्या आणि २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात लढल्या. त्या मिश्र भरतीच्या कंपन्या, मराठे त्यात होते. पण खाटेवर पडलेल्या माणसाच्या पागोट्यावरून किंवा चेहऱ्यावरून पलटण ठरवणं हे अनुमानही नव्हे, नुसती इच्छा आहे. त्या माणसाचं नाव आपल्याला हवं असेल तर चुकीचं नाव देणं हा त्याच्यावर अन्याय होईल.

कार्डांची तारीख मात्र छान लागते. ब्रायटनमध्ये हिंदी सैनिकांसाठी तीन जागा होत्या: पॅव्हेलियन, डोम आणि कॉर्न एक्स्चेंज मिळून एक, यॉर्क प्लेसची शाळा दुसरी, आणि एल्म ग्रोव्हवरच्या वर्कहाउसच्या (निराधारांच्या आश्रयगृहाच्या) इमारतीतलं किचनर रुग्णालय तिसरं. पॅव्हेलियनमध्ये हिंदी रुग्ण डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत. त्याच १९१६ मध्ये तिथे हातपाय गमावलेल्या ब्रिटिश सैनिकांचं रुग्णालय सुरू झालं आणि ते १९२० पर्यंत चाललं. झुंबराखाली खाटा दिसतात पण पागोटी नाहीत, कुबड्या आहेत, तर ते नंतरचं चित्र.

फोटो बहुतेक ब्रायटनच्या ए. एच. फ्राय यांचे, नगरपालिकेच्या सांगण्यावरून काढलेले. ते नीटनेटके आहेत कारण ते दाखवण्यासाठीच होते. राजाच्या महालात हिंदी सैनिकाची किती काळजी घेतली जाते हे हिंदुस्थानपर्यंत पोचवायचं होतं. इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत छापलेली सचित्र पुस्तिकाही त्याचसाठी निघाली. कार्डांत जे येत नाही तेही लक्षात घ्या: आवाराभोवतीचं उंच कुंपण, जे लोकांना आत आणि सैनिकांना बाहेर जाऊ देत नव्हतं. जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं होती, पाण्याचे नळ हिंदू-मुसलमानांसाठी वेगळे होते.

एक कार्ड तारखेनिशी सांगता येतं. २५ ऑगस्ट १९१५ ला पाचव्या जॉर्जने पॅव्हेलियनच्या हिरवळीवर जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. राजा हिरवळीवर आणि समोर खुर्चीत बसलेला सैनिक असं चित्र दिसलं तर त्या दिवसाशी ताडून बघा. राजा जानेवारी १९१५ मध्येही येऊन गेला होता, म्हणून झाडांची पानं बघा. निष्पर्ण असतील तर जानेवारी.

पॅव्हेलियनच्या दक्षिण बाजूच्या चित्रासाठी सोपी खूण: घुमटाचं इंडिया गेट. ते २६ ऑक्टोबर १९२१ ला पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते खुलं झालं. दिसलं तर नंतरचं.

शहराबाहेर पॅचमच्या टेकडीवर, जिथे ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, तिथे संगमरवरी छत्री आहे. १ फेब्रुवारी १९२१ ला उद्घाटन. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा. मुसलमान सैनिकांचं दफन सरेमधल्या वोकिंगला झालं, म्हणून वोकिंगची चित्रं ससेक्सच्या अल्बमात मिसळू नका. तसंच ब्रॉकनहर्स्ट, नेटली आणि बोर्नमथचं. तिथेही हिंदी सैनिकांची रुग्णालयं होती, पण ती तेव्हाच्या हँपशरमध्ये. मागे देवदारांची गर्दी आणि तंबू दिसत असतील तर ब्रायटन नव्हे हे आधी धरून चाला.

जतन

आता स्कॅनिंग आणि साठवण. इथे चुका झाल्या तर वरचं सगळं वाया जातं.

छापील कार्ड ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके), ब्रोमाइड १२००. काळं-पांढरं असलं तरी रंगीतच स्कॅन करा, कारण छटा, डाग, शाई हे पुरावे आहेत. मागची बाजू तितकीच महत्त्वाची, तीही त्याच रिझोल्यूशनला. टिफ प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा. आपोआप उजळणी, धार वाढवणं, ठिपके घालवणं हे सगळे पर्याय बंद. ठिपके घालवणाऱ्या फिल्टरने हाफटोन गुळगुळीत होतो आणि छपाईचा प्रकार नंतर ओळखताच येत नाही. हाफटोन ३०० ला स्कॅन केला की पट्ट्यापट्ट्यांची लहर उठते, ती कार्डात नसते, स्कॅनरच्या जाळीची असते. ६०० ला करा आणि मग लहान करा.

ब्रोमाइडवर चांदी चमकत असेल तर स्कॅनरमध्ये सावल्या निळसर धूसर येतात. अशा वेळी कॅमेरा वरून सरळ रोखून, दोन दिवे दोन्हीकडून ४५ अंशांवर ठेवून फोटो काढा.

पिशव्या पॉलिएस्टरच्या घ्या. पीव्हीसीचे स्वस्त कप्पे नकोत, काही वर्षांत ते चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात. वास घेऊन पाहा, नव्या रेनकोटसारखा वास आला तर तो पीव्हीसी.

कार्ड अल्बमला चिकटलं असेल तर वाफ देऊ नका. ब्रोमाइडचा वरचा थर जिलेटिनचा, तो ओलाव्याने फुगतो आणि समोरच्या कागदाला कायमचा चिकटतो. शिवाय युद्धकाळात मजकूर बऱ्याचदा कॉपिंग पेन्सिलने लिहिलेला असतो. दिसायला करडा, पण पाण्याचा थेंब लागला की जांभळा पसरतो आणि अक्षर जातं. अल्बमचं पान कार्डाभोवती कापून तसंच ठेवा. मागचा मजकूर वाचायलाच हवा असेल तर कागद-संवर्धकाकडे न्या. गुंडाळी झालेला ब्रोमाइड कोरडाच दाबून सपाट केला तर जिलेटिनला आडव्या चिरा पडतात.

काचेच्या निगेटिव्ह उभ्या, लांब कडेवर ठेवा. आडव्या रचल्या की खालची फुटते. मंद दिसणारी बाजू चित्राची, तिला बोट लावायचं नाही.

निळीशाई

दुकानाची पाटी वाचता आली, पण साल लागत नाही, तर पुढे काय करायचं?

टपालहंशील

डिरेक्टरी, म्हणजे रहिवासी आणि दुकानदारांची छापील यादी. केलीची ससेक्ससाठी, आणि ब्रायटनसाठी पाइकची, जी दरवर्षी निघायची. रस्त्याच्या यादीत दुकानदार क्रमांकाने दिलेले असतात. एक दुकान धरू नका, ते पन्नास वर्षं एकाच नावाने चाललेलं असेल. शेजारची तीन दुकानं धरा. तिन्ही नावं शेजारी-शेजारी ज्या वर्षांत सापडतात तेवढीच वर्षं उरतात, बहुधा तीन-चार. डिरेक्टरीची माहिती छापण्याच्या आधी काही महिने गोळा केलेली असते, म्हणून दोन्ही टोकांना एक वर्ष सैल सोडा. नावं जुळली तरी घरांचे क्रमांक बदललेले असू शकतात, ते ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याच्या पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशावर ताडा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ससेक्सचे नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी उघडता येतात.

रूळमार्ग

@भिंगवाला, तुमच्या मूळ कार्डाचा फोटो आणखी आवळता येईल. चेन पिअर वादळाआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, धोकादायक म्हणून लोकांसाठी बंद केला होता. पिअरवर माणसं चालताना दिसतात का?

दुसरं, त्याच किनाऱ्यावरून रॉटिंगडीन गावाला जाणारी अभियंते मॅग्नस फोक यांची समुद्रातली रेल्वे, उंच पायांची 'पायोनियर' गाडी, २८ नोव्हेंबर १८९६ ला सुरू झाली आणि ४ डिसेंबरच्या त्याच वादळात उलथली. प्रवासी नेणारी पायोनियर आणि उभा चेन पिअर एकत्र दिसतील अशी जागा सहा दिवसांची आहे. दोन्ही दाखवणारं कार्ड मिळालं तर आधी जोडचित्र आहे का ते तपासा, क्षितिजाची रेघ दोन्हीकडे एकाच उंचीवर आहे की नाही ते बघा.

भिंगवाला

भिंग लावून पुन्हा पाहिलं. कोलोटाइप आहे, त्यामुळे तपशील निघतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मनोऱ्याच्या मध्ये कठड्याला टेकलेल्या पाच आकृत्या आहेत, एकीच्या हातात उघडी छत्री. फळ्यांवर सावल्या आखूड आहेत, म्हणजे उन्हाळ्याची दुपार धरायला हरकत नाही. पूर्वेला पायोनियरचा पत्ता नाही, पण तो भाग चौकटीत अर्धाच येतो, म्हणून त्याला पुरावा मानत नाही.

नोंद बदलून अशी करतो: फोटो १८९१ ते १८९६, पिअर बंद होण्याआधीचा, बहुधा उन्हाळ्यातला. छपाई १९०२ ते १९०६. टपाल ऑगस्ट १९०६.